थैली

मराठी उपासना आठला, गुजराती साडेनवाला.
मधल्या वेळात थैली मोजायची.
लाल मखमल, लाकडी मूठ,
तळाची शिवण उसवते, तीनदा मीच घातली.
आता निम्मे लोक फोनने देतात, भिंतीवरच्या चौकोनाला.
तरी एकोणपन्नास वर्षं फतेहगंजच्या या बाकांमधून
मी ती फिरवतो आहे.

सुरुवात चोरीपासून आहे.
मी अकराचा. त्याच सकाळी रविवारच्या शाळेत
दहाही आज्ञा न अडखळता म्हणून
बक्षिसाची पेन्सिल घेतली होती.
मग गीत चालू असताना, सगळ्यांचे डोळे पुस्तकात,
थैली माझ्यापुढे आली
आणि माझा हात रिकामा गेला, भरलेला आला.
एक रुपया.
स्टेशनसमोर दोन प्लेट सेव-उसळ, वर तरी, जादा पाव,
नाकाडोळ्यांतून पाणी येईस्तोवर.
आठवी आज्ञा अजून जिभेवरच होती.
तिलाही तिखट लागलं असेल.

पुढच्या रविवारी पाळक मकासरे दाराशी म्हणाले,
"हिरामण, माझा खांदा धरलाय रे. आज थैली तू फिरव."
बस्स. ना कान पिरगाळला, ना बापाला निरोप.
तोच खांदा उपासनेनंतर
सायकल उचलून पायऱ्या उतरला.
मी पाहिलं.

मार खाल्ला असता तर हिशोब मिटला असता.
मिटला असता आणि मी पुन्हा चोरलं असतं,
आमच्या प्रतापनगरच्या क्वार्टरांत मार रोजचाच होता.
पण थैली?
थैली कुणी कधी हातात दिली नव्हती.

रूथ बँकेत आहे, अलकापुरीला, कर्जखात्यात.
म्हणते, "बाबा, माफ झालेल्या कर्जाचे हप्ते कोण भरतं?
गुडघे गेले तुमचे. पुरे आता."
तिला काय सांगू.
हप्ता भरतात तारखेला, पोटात गोळा घेऊन.
मी तर शनिवारी रात्री सदऱ्याला इस्त्री करताना
गुणगुणतो, बायको हसते.
पण काही रविवारी, खरं सांगतो,
मी तो रुपयाच फिरवत असतो बाकांमधून,
लोकांना दाखवत: बघा, मी आता घेत नाही.
त्या दिवशी मूठ हाताला कोरडी लागते.
हा फरक मला बँकेच्या भाषेत मांडता येत नाही.
तिच्या आईला न सांगता कळतो.

मकासरे गेले त्या वर्षी वह्यांचं कपाट माझ्याकडे आलं,
विश्वामित्रीच्या पुरात भिजून फुगलेलं.
तो रविवार सापडला. सतरा रुपये चाळीस पैसे.
खाली वेगळ्या शाईत त्यांचं तिरकं अक्षर:
एक रुपया, मिळाला.
कोणाकडून, ते लिहिलं नव्हतं.

गेल्या रविवारी तिसऱ्या बाकाशी
थैली हातात अचानक हलकी झाली.
इतक्या वर्षांत मुठीतून कळतं.
पोरगं नवं आहे, शिरसाठांकडे दाहोदहून शिकायला आलेलं,
बेन्यामीन. त्याने मान वर केली नाही.
मी पंख्याकडे बघत
काहीतरी पडल्याइतका थांबलो, आणि पुढच्या बाकाकडे गेलो.
मोजताना खिशातले पन्नास घातले.
वहीत काय लिहायचं ते मला शोधावं लागलं नाही.

उद्या रविवार.
गुडघा खरोखरच ठणकतो आहे,
म्हणजे खोटंही बोलावं लागणार नाही.
फक्त लवकर जायचं, दारात उभं राहायचं,
आणि पोरगं आलं तर...
आलं तर बरं.